मांजराच्या पिल्लाची तटस्थ नोंद

आमच्या ह्यांनी हत्ती मागितला होता आणि पदरात पडलं मांजराचं पिल्लू. तेही सबंध नाही. पिल्लाचा नुसता आहार.

झालं असं की, बेळगावातल्या काही शिकल्यासवरल्या मंडळींनी 'सुबोध ज्ञानमाला' म्हणून एक भलंमोठं पुस्तक काढायचं मनावर घेतलं होतं. जगात जे जे म्हणून आहे ते सगळं अ-आ-इ-ईच्या ओळीनं मराठीत आणायचं, खंडामागून खंड. इंग्रजांच्यात असलं पुस्तक आहे, मग आपल्यात का नको, असा एकूण सूर. (इंग्रजांच्यात कागदानं पुसायची पण चाल आहे म्हणे. असो.) लिहिणारे सगळे वकील, मास्तर, डॉक्टर. आमचे हे कोर्टात कारकून. अक्षर वळणदार, म्हणून त्यांना बैठकीला बोलावलं, आणि दुसऱ्याचा चहा प्यालेला माणूस नाही म्हणू शकत नाही, म्हणून हेही लेखक झाले. वाटणी झाली तेव्हा हत्ती एका वकिलांनी घेतला, घोडा एका डॉक्टरांनी, गाईवरून तर दोघांची भांडणं लागली. ह्यांच्यापर्यंत परात आली तेव्हा तळाला एवढंच चिकटून होतं.

आता आमच्या ह्यांचा आणि मांजराचा संबंध इतकाच की, मांजर आडवं गेलं की हे परत घरात येतात, घोटभर पाणी पितात आणि मग कोर्टाची वाट धरतात. पिल्लू कधी हातात धरलेलं नाही. तरी बसले दौत घेऊन. 'मांजर हा एक प्राणी आहे' एवढं सुंदर अक्षरात लिहिलं आणि थांबले. पुढं 'त्यास चार पाय असतात' हे आहारात येतं की नाही, ह्या विचारात आठवडा गेला. घरात पोरांनी खोकायचं नाही, मी भांडं आपटायचं नाही. शेवटी एका संध्याकाळी मी मेथी निवडता निवडता म्हटलं, "द्या इकडं. मी लिहिते."

बस, एवढंच म्हटलं. वैतागून म्हटलं. पण हे हसले.

साधं हसले असते तर मी मेथीच निवडत बसले असते. हे चष्मा काढून, डोळे पुसून हसले. म्हणाले, मराठी चौथीवर ज्ञानमाला लिहितात होय? मग मात्र मी मेथी बाजूला सारली. सांगितलं, मी लिहिणार, आणि खाली माझं नाव छापून येणार. सौ. तुंगाबाई अनगोळकर. लोकांना वाटेल, नावाचं काय एवढं. तर ऐका. आमच्या घरातला पाण्याचा हंडा माझ्या बापानं दिलेला. रोज चिंच लावून घासते मी. त्यावर नाव कोरलंय ह्यांचं. ताटावर ह्यांचं, तांब्यावर ह्यांचं, पोरांच्या मागं ह्यांचं. चाळीस वर्षांची झाले, माझं नाव कुठंही लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. लिहायला शिकवलं कशाला मग मला?

मी एका बैठकीत नोंद लिहून काढली. पाठ असल्यासारखी आली. 'मांजराच्या पिल्लास दूध द्यावे. गाईचे निरसे दूध पोटभर देऊ नये. दिल्यास पिल्लू घरात कुठे कुठे बसून येते ते घरच्या बाईस विचारावे, पुरुषास ते दिसत नाही.' ह्यांनी ती मुकाट्यानं मंडळाच्या चिटणीसांकडे, म्हणजे मुचंडीकर मास्तरांकडे नेऊन दिली. (आपलं लिहून झालेलं नव्हतं, म्हणून. माझ्यावर उपकार म्हणून नव्हे.)

चार दिवसांनी कागद परत आला, लाल शाईनं माखून. पहिल्या वाक्यापुढं 'कोण म्हणतो? आधार?' दुसऱ्यापुढं 'आधार?' तिसऱ्यापुढं 'हा पक्षपात आहे.' मागोमाग मास्तर स्वतःच आले. उंच, वाळका माणूस, खांद्यावर इस्त्रीचं उपरणं, बोलणं असं की प्रत्येक शब्द पाटीवर लिहितोय. कट्ट्यावर बसून त्यांनी मला ज्ञानाचे नियम सांगितले. लेखकानं तटस्थ राहायचं, कुणाची बाजू घ्यायची नाही. प्रत्येक विधानाला आधार हवा. आणि लेखकाचं स्वतःचं म्हणणं हा आधार होत नाही.

मी म्हटलं, मास्तर, पिल्लानं घाण केली ती मी ह्या हातानं पुसली आहे.

"तो अनुभव झाला, वहिनी. आधार नव्हे."

मग आधार म्हणजे काय, तर पुस्तक. त्यांच्याकडे तीन इंग्रजी पुस्तकं होती. तिन्हीत लिहिलेलं की पिल्लास बशीत दूध व बारीक केलेलं मांस द्यावं. आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा येत नाही. मी म्हटलं, असली नोंद मी लिहिणार नाही, मला माणसांचे आधार चालतील का सांगा. मास्तरांनी उपरणं सारखं केलं. म्हणाले, चालतील, पण नाव-गावासकट हवेत, आणि निरनिराळे हवेत. एकीनं सांगितलं तेच दुसरीनं ऐकून सांगितलं, असं नको.

ती काळजी नव्हती. आमची वडगावातली गल्ली म्हणजे ह्या कामाला देवानं घडवलेली. आडावर रहाटाच्या दोरावरून जे भांडण झालं होतं त्याला वर्ष उलटलं तरी कुणी कुणाशी बोलत नव्हतं. (मी त्यात तटस्थ राहिले होते, म्हणून दोन्ही बाजू मलाच शिव्या देत. तटस्थ राहण्याचा मला अनुभव होता. आधार नसेल, अनुभव होता.)

आणि माझ्या घरात पिल्लूही होतं. राखी रंगाचं, पाठीवर काळे पट्टे, उजव्या कानाचा शेंडा तुटलेला. मांजरी आपल्या पिल्लाला सात घरं दाखवते म्हणतात. एके दिवशी तिनं ते आमच्या सरपणात आणून ठेवलं आणि ती गेली. आमचं सातवं घर असावं असं मी धरून चालले, कारण पिल्लू राहिलं. मी त्याला नाव ठेवलं नव्हतं. मांजर ते मांजर. पण त्याची मला चिंता लागून राहिली होती, कारण ते खात नसे. दुधाची वाटी पुढं केली की हुंगायचं, मला बरं वाटावं म्हणून दोनदा जीभ लावायचं आणि ह्यांच्या कोर्टाच्या कोटावर जाऊन झोपायचं. दिवसाचे कितीतरी तास बाहेर. आलं की झोप. आणि तरी अंगानं भरत चाललेलं.

मी साक्षी गोळा करायला निघाले.

पहिल्या अक्काताई. सोवळ्यातल्या, एकट्या राहणाऱ्या, कडक बाई. त्यांच्याकडे पण एक पिल्लू होतं, दुपारचं पोथीपाशी येऊन बसायचं. नाव गोविंदा. दूधभात खातो, कांद्याचा वास आला तरी तोंड फिरवतो, आणि एकादशीला भाताला शिवत नाही. वरीचे तांदूळ आणि दही. मी विचारलं, त्याला एकादशी कळते कशी? अक्काताई म्हणाल्या, तुला कळते तशीच, पंचांग मी वाचते आणि तो ऐकतो. मी तटस्थ होते. लिहून घेतलं.

दुसरी बसव्वा. घरात दोन माग, सूत वळायचं, त्याला पिठाची खळ लावायची, सगळं घरातच. खळीचा वास लागला की उंदीर सूत कुरतडून जातात, म्हणून कोष्ट्याच्या घरात मांजर म्हणजे घरचा माणूस. तिच्या पिल्लाचं नाव भरम्या. ते मागाच्या खड्ड्यात नवऱ्याच्या पायाशी बसे. उंदरांचं काही बोलली नाही ती, पण म्हणाली, "लई खातंय तुंगाक्का. दुधात भाकरी कुस्करून देत्ये, ते खातंय, आन् वर खळीचं मडकं चाटूनपुसून लख्ख. घासायचं कामच ठेवत न्हाय."

तिसरी जयवंता. तिचा नवरा मष्णू बैलगाडीनं घाटाखालनं माल आणतो, येताना सुकी मासळी. तिच्या पिल्लाचं नाव सुभेदार. त्याला सुक्या बांगड्याची डोकी लागतात. दूध? दुधाला शिवत नाही म्हणे. "मर्दाचं पिल्लू हाय ते," म्हणाली, "दूध बायकांस्नी घाला." मी तेही लिहून घेतलं, नाकाला पदर लावून. नाकाला पदर लावणं पक्षपातात येतं का, हे मास्तरांना विचारायचं राहिलं.

चौथ्या इंदुताई, मूळच्या निपाणीच्या. यजमान मारुतीराव तंबाखूचे व्यापारी, त्यामुळं घरात खुर्च्या. त्यांच्या पिल्लाचं नाव कलेक्टर. ते चहात बुडवलेलं बिस्किट खातं, तेही बशीतून, आणि बशी चिनी मातीची हवी. आमच्या निपाणीला मांजरं अशीच असतात, असं त्यांनी मला तीनदा सांगितलं. मी ते एकदाच लिहिलं.

मग बसून नोंद केली. काय सांगू, माझं मलाच वाचून भरून आलं. 'काही पिल्ले एकादशी करतात, काही करत नाहीत. काही मासळी खातात, काही कांद्याच्या वासानेही तोंड फिरवतात. काहींस खळ प्रिय, काहींस बिस्किट. पिल्लाचा आहार हा ज्या त्या घराच्या आचारावर व मिळकतीवर ठरतो.' आणि शेवटी, स्वतःचं नाव न घेता: 'एक पिल्लू असेही आढळले आहे की जे जवळजवळ काहीच न खाता लठ्ठ होते. ह्याचे कारण शास्त्रास अद्याप अज्ञात आहे.'

ह्यांनी वाचलं. दोनदा वाचलं. हसले नाहीत. नुसतं म्हणाले, "'अज्ञात' बरोबर लिहिलंयस." मला ते पुरलं.

मुचंडीकर मास्तरांनाही नोंद पसंत पडली. पण हत्तीवाले वकील एकादशीवर अडून बसले होते. मंडळात त्यांनी विचारलं म्हणे, मांजर पारणं कशानं सोडतं? तेव्हा मास्तर म्हणाले, मी रविवारी येऊन साक्षीदार आणि पिल्लं डोळ्यांनी बघतो. साक्षी टिकल्या तर नोंद छापायला जाईल. मी विचारलं, आणि नाव? ते म्हणाले, नावाचं बघू. मी तो होकार धरला. आमच्याकडे मुलीच्या लग्नात सुद्धा याहून कमी बोलण्यावर मांडव घालतात.

रविवारी सकाळी मी कट्टा सारवून घेतला. चौघींना निरोप धाडले, पिल्लासकट या म्हणून. चौघी आल्या. चार कोपऱ्यांत चौघी बसल्या, चार दिशांना तोंडं करून. एकीच्याही हातात पिल्लू नव्हतं. अक्काताई म्हणाल्या, आत्ता होता, कुठं गेला कोण जाणे. बसव्वा म्हणाली, मगाधरनं शोधत्ये. जयवंता म्हणाली, सुभेदार फिरतीवर गेलाय. इंदुताई म्हणाल्या, कलेक्टर असे बोलावल्यावर येत नसतात.

मास्तरांनी शिसपेन काढलं आणि साक्षी सुरू केल्या. चौघींनी ठणकावून सांगितलं. मी उंबऱ्यात उभी राहून मनातल्या मनात माझं नाव छापत होते, कसं दिसेल, 'तुं'वरचं टिंब नीट उठेल का. हे मास्तरांच्या शेजारी लेखकासारखे बसले होते.

तेवढ्यात माझं पिल्लू आतून कोटावरची झोप संपवून आलं. उंबऱ्यात आळोखेपिळोखे दिले. आणि कट्ट्यावर येऊन शेपूट वर करून उभं राहिलं.

"गोविंदा," अक्काताई म्हणाल्या.

"ह्यो बघा भरम्या."

"सुभेदार, हितं काय करायलास रं?"

इंदुताईंनी नुसती मांडी थोपटली, आणि पिल्लू त्यांच्याकडे गेलं, तिथून बसव्वाच्या पायाला घासलं, तिथून जयवंताचा हात हुंगला, तिथून अक्काताईंपुढं जाऊन डोळे मिटून बसलं, पोथीपाशी बसावं तसं. एखाद्या घरजावयानं सगळ्या सासवांचा मान राखावा, तसा त्यानं मान राखला.

मग जे व्हायचं ते झालं. वर्षभराचा अबोला एका दमात सुटला. अक्काताईंचा जीव घाबरा झाला, बांगड्याची डोकी खाऊन हा माझ्या देवापुढं बसत होता म्हणून. आता सगळं घर धुवावं लागणार. जयवंता उसळली, तुमच्या उपासापायी माझा सुभेदार मधीच वाळला होता, मी म्हणते ह्याला झालंय काय. इंदुताईंना कलेक्टर मडकं चाटतो हे सोसेना. बसव्वाला राग वेगळाच. चार घरचं खाऊन आल्यावर कुठला उंदीर धरतोय हा? नवऱ्याचं सूत कुरतडलं जात होतं, ते ह्या लाडांपायी. आणि चौघींनी मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. कारण पिल्लू निघालं होतं माझ्या घरातनं.

माझ्या ध्यानात आलं होतं ते मलाच गिळवत नव्हतं. काही न खाता लठ्ठ होणारं पिल्लू. शास्त्राला अज्ञात. गल्लीतल्या तीन वर्षांच्या पोराला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. मी पिल्लाला नीट पाहिलं नव्हतं, चार घरी जाऊन पिल्लू दाखवा म्हटलं नव्हतं, नुसतं तोंडचं लिहून घेतलं होतं. प्रत्येक ठिकाणी म्हणाल्या 'आत्ता बाहेर गेलंय', आणि मी म्हटलं बरं.

मास्तर उठले. एव्हाना पिल्लू त्यांच्यापाशी पोचलं होतं.

"वहिनी, हे चार आधार नाहीत. आधार एकच आहे, आणि तो आत्ता माझं उपरणं चावतोय." उपरणं सोडवून घेत ते ह्यांच्याकडे वळले. "केशवराव, नोंद रद्द. मी पुस्तकांवरनं लिहून घेतो."

आमचे हे हात जोडून म्हणाले, मी आधीच म्हणत होतो. ते आधी काहीही म्हणत नव्हते.

मी उंबरा उतरले. म्हटलं, मास्तर, बसा. माझं बोलणं संपलेलं नाही.

"ती तुमची तीन इंग्रजी पुस्तकं. तिन्हीत तेच लिहिलंय, बशीत दूध आणि मांस?"

"होय."

"शब्दाला शब्द?"

"जवळजवळ."

"म्हणजे एकानं दुसऱ्याचं बघून उतरवलं. आमच्या शाळेत त्याला छडी मिळायची, तुमच्याकडे त्याचे तीन आधार होतात. ह्या चौघी वर्षभर एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. एकीनं दुसरीचं काही उतरवलेलं नाही. प्रत्येकीनं आपल्या हातानं घातलं आणि आपल्या डोळ्यांनी बघितलं, ते सांगितलं. मांजर एक निघालं म्हणून बायका एक होत नाहीत. चार घरं आहेत, चार चुली आहेत, चार ताटल्या आहेत. ह्यातली खोटी कुठली ते दाखवा, मी कागद इथंच चुलीत घालते."

मास्तर म्हणाले, पण वहिनी, एकच पिल्लू एकादशीही करतं आणि बांगडाही खातं, हे कसं छापायचं?

उत्तर मला द्यावं लागलं नाही. अक्काताई उठल्या होत्या. "मी जन्मात खोटं बोललेली नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात तो एकादशी करतो. बाहेर काय करतो ते त्याचं पाप. तुमच्या वकिलांचं तुम्ही काय छापता, घरातलं की बाहेरचं?"

बसव्वा अक्काताईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली. जयवंता पण आली, नाक फेंदारून. इंदुताई खुर्ची नसल्यामुळं उशिरा उठल्या, पण उठल्या. मगाशी एकमेकींच्या झिंज्या धरायला निघालेल्या त्या चौघी एका ओळीत, आणि समोर वाळके मुचंडीकर मास्तर, पायाशी पिल्लू. माझ्या आयुष्यातला तटस्थपणा मी तिथं टाकला, आणि अजून उचललेला नाही.

मास्तर बसले. म्हणाले, तो लठ्ठपणाचा मजकूर तरी काढा. मी स्वतःच्या हातानं खोडला. त्यावर माझी काही तक्रार नव्हती. मग कागद उलटा करून, त्यांच्याच शिसपेननं, पुढ्यात बसून पुन्हा लिहिलं:

'मांजराचे पिल्लू ज्या घरात जाते त्या घरचे खाते, आणि ते फक्त आपलेच खाते असे प्रत्येक घरास वाटते. सबब पिल्लाचा आहार ठरविताना शेजारी विचारावे. दूध बेताचे द्यावे. ते इतरत्रही मिळालेले असते.'

मास्तरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. शिसपेन माझ्याकडून परत घेतलं. ह्याला आधार आहे, एवढंच बोलले, आणि खाली चौघींची नावं त्यांनी एकेकीला विचारून लिहून घेतली. बसव्वानं नवऱ्याचं नाव सांगायला सुरुवात केली तेव्हा मी मध्ये पडले. म्हटलं, नवऱ्यानं घातली नाही भाकरी. तुझं सांग. तिनं इकडंतिकडं बघत स्वतःचं नाव सांगितलं, एखादी वस्तू चोरून द्यावी तसं.

'म'चा खंड निघायला वर्ष गेलं. आला तेव्हा हे तो कापडात गुंडाळून घेऊन आले. मी हात धुऊन, पदराला पुसून पान काढलं. होती. माझी नोंद होती, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. खाली बारीक टायपात: 'आधार: अक्काताई, बसव्वा, जयवंता, इंदुताई, सर्व रा. वडगाव.' माझं नाव नव्हतं. बरोबरच होतं, लेखकाचं म्हणणं हा आधार होत नाही. मग पुस्तकाच्या सुरुवातीला लेखकांची यादी होती ती काढली. हत्तीवाले होते, घोडेवाले होते. मांजराच्या पिल्लापुढं होतं: 'केशव रामचंद्र अनगोळकर.'

मी तडक बेळगावला मास्तरांच्या दारात. उन्हातनं, पायी. ते ओशाळले, ह्यात काही वाद नाही. पण म्हणाले, वहिनी, नेमणूक त्यांच्या नावाची होती, छापखान्यानं नेमणुकीवरनं यादी जुळवली. पुढच्या आवृत्तीत बघू. पुढच्या आवृत्तीला किती वर्षं? ते म्हणाले, आधी ही खपू दे.

मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, कारण त्यातल्या एकाही शब्दाला ज्ञानमालेत नोंद मिळणार नाही. चहा दिला, तो प्याले नाही.

घरी आले तर कट्ट्यावर चौघी हजर, नावं बघायला. चौघींतल्या दोघींना वाचता येत नव्हतं, अक्काताईंना बारीक टाईप दिसेना आणि इंदुताईंनी चष्मा आणला नव्हता. मीच वाचून दाखवली. एकेकीचं बोट धरून नावावर ठेवलं. बसव्वानं आपल्या नावावरनं बोट उचललंच नाही, शाई पुसली जाईल म्हणून मला तिचा हात काढावा लागला. ह्या बाईनं पिल्लाला खळ चाटवली आणि तिचं नाव आता पुण्या-मुंबईपर्यंत. जयवंतानं विचारलं, "आन् तुझं कुठाय गं आक्का?" म्हटलं, माझं पुढच्या आवृत्तीत आहे. ती म्हणाली, लई बेस.

आणि आमचे हे? कोर्टात ह्यांची कीर्ती झाली. येता-जाता लोक विचारू लागले, केशवराव, आमच्या मनीला जुलाब होतायत, काय द्यावं? हे चष्मा पुसत सांगू लागले, बेतानं द्या, शेजारी विचारा. तोवर ठीक होतं. परवा कुणा बड्या साहेबांची बदली निघाली, आणि बाईसाहेबांनी आपल्या मांजरीची पिल्लं एका करंडीत घालून 'मांजरांचे तज्ज्ञ श्री. अनगोळकर' यांच्याकडे धाडली. शिपाई करंडी कट्ट्यावर ठेवून गेला. आत पाच. डोळे नुकते उघडलेले, एका सुरात ओरडणारी.

मी सांगून टाकलं. नाव तुमचं आहे, पिल्लंही तुमची. मी हात लावणार नाही.

हे करंडीभोवती दोनदा फिरले. एकाच्या अंगावर बोट टेकवून पाहिलं आणि झटक्यानं काढून घेतलं. मग आत गेले, ज्ञानमालेचा खंड आणला, मांडी घालून बसले, पान काढलं, आणि घसा खाकरून मला मोठ्यानं वाचून दाखवू लागले. दूध बेताचे द्यावे. शब्द न् शब्द, सावकाश, मला समजेल असा. वाचून झाल्यावर पुस्तक मिटलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि जरा दरडावून म्हणाले, "ऐकलंस? तुझ्या मनाचं काही करू नकोस. लिहिणाऱ्यानं काही अभ्यास करूनच लिहिलं असेल."

मी दूध तापत ठेवलं. लग्न झाल्यापासून त्या माणसाशी वाद घालता येईना असं पहिल्यांदाच झालं.